ठमीला सांगायच्या गोष्टी

आमच्या बाबांच्या हाताखाली कधी कुणी हललं नाही. हे बाबाच म्हणायचे, आणि खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक हो म्हणायचं. गळ्याशी वस्तरा असताना बिचारं दुसरं काय म्हणणार? पण खोटं नव्हतं ते. भोकाड पसरणारी पोरंसुद्धा बाबांच्या गप्पांत अशी गुंगायची की केस कधी उतरले ते त्यांना कळायचं नाही. दुकानात बाबांचं तोंड दिवसभर चालू. घरात आले की मात्र कुलूप. "वाढ" आणि "दिवा बंद कर", एवढ्यावर त्यांचा संसार निभावला.

दुकानाच्या मागे आमचं घर, घराच्या मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ठमी. ठमी आईची शेळी. बाबा तिला "तुझी ती बया" म्हणायचे आणि तिच्या दुधाचा चहा फुर्र करून प्यायचे.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. रिक्षात बसता बसता ती बाबांना म्हणाली, "माझं मी बघते. ठमीची धार तेवढी चुकवू नका. कास दगड झाली तर आटेल ती कायमची." बाबांकडे आईने काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. बाबा हसले. म्हणाले, अगं, शेळीच ना ती, माझ्यापुढे माणसं बसतात गपगार.

ठमी काही माणूस नव्हती. पहिल्याच संध्याकाळी तिने पातेलं उडवलं, शिवाय खाली बसली आणि उठेचना. मला तर ती जवळही येऊ देत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी वस्तरा घासायचा चामडी पट्टा आणला आणि तिचे मागचे पाय बांधले. ती ओरडायला लागली. बाबा वैतागले आणि त्यांनी तिच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळले. दारात मी उभी होते. त्यांनी नजर चुकवली. मग मीही चुकवली, कारण माझ्या बापाला असं चोरासारखं बघताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कास गरम लागायला लागली तेव्हा गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, पान्हा चोरतेय. दूध आहे, पण ती सोडत नाही. बाई जसं करतात तसंच करा, तीच जागा, तेच भांडं, अंगावर त्यांचंच काहीतरी घाला. नाहीतर कास गेली समजा.

म्हणून बाबांनी आईचा मोहरी रंगाचा स्वेटर चढवला. पुढची बटणं लागेनात, बाह्या कोपरापर्यंतच आल्या. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ओले कपडे तसेच उचलले आणि घरात पळाल्या, मनसोक्त हसता यावं म्हणून. बाबांचे कान लाल झाले, पण ते बसले. ठमीने बाही हुंगली आणि चक्क उभी राहिली. दूध मात्र नाही. बाबांनी दुकानातल्या गप्पा सुरू केल्या, कालची मॅच, भाजीचे भाव, कुणाच्या मुलाचं कुठे जमलं. ठमीने पाय उचलला.

"आई तिच्यापाशी काहीतरी गुणगुणते बाबा," मी म्हणाले. "गाणं असेल."

ते गुणगुणणं आम्ही वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून ऐकत होतो. कुठलं गाणं, हे विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही दवाखान्यात गेलो. बाबांनी सगळं सांगितलं, त्या फटक्याचं सोडून, आणि विचारलं, कुठलं गाणं म्हणतेस? आई भिंतीकडे वळली. असंच काहीतरी हो, म्हणाली. बाबा हटेनात. कासेचं ऐकल्यावर मात्र तिचा धीर सुटला.

"गाणं नाही ते. तुमच्याबद्दल बोलते."

"माझ्याबद्दल? काय?"

"तुमच्यापाशी बोलता येत नाही ते."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळे मिटून घेतले, नीट ऐकता यावं म्हणून. आणि माझी आई, ठमीची कास वाचावी म्हणून, छताकडे बघत एकेक सांगत गेली. आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. बाबा खाटेच्या कडेला बसून शिकवणीतल्या मुलासारखे ऐकत होते.

त्या संध्याकाळी स्वेटर घालून ते बसले आणि बोलायला लागले, आई बोलायची तसं, स्वतःला परका माणूस करून.

"ऐकतेस ना ठमे. गावाची खबर आहे त्याला. माझा ताप उतरला का, हे विचारायला मात्र तोंड नाही. माझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा दुकान उघडलंन. केसांची टोकं जरा सारखी करून द्या म्हटलं, तर म्हणाला, दिवसभर तेच करतो, आता घरीपण? मग मीच कापले स्वयंपाकघरातल्या कात्रीने. वाकडेतिकडे झाले."

शेळीला शब्द कुठले कळायला. पण दुकानातला तो खणखणीत आवाज पार खाली बसला होता, आईच्या गुणगुणण्याइतका. ठमीने मान खाली घातली, पाय सैल सोडले आणि पातेल्यात धार वाजली. बाबा थांबले की धार थांबायची. म्हणून ते रोज दोन्ही वेळा तेच तेच सांगत राहिले, आणि रोज त्यांचा आवाज आणखी खाली गेला. मी शेडकडे जाईनाशी झाले. बापाचं हे ऐकू नये असं वाटायचं, आणि कान तर तिकडेच.

आई घरी आली. टाके ओले होते, वाकायची बंदी होती, म्हणून धार बाबांकडेच राहिली. त्या दिवशी तिला ठमीला बघायचं होतं. मी तिला धरून शेडच्या दारापर्यंत नेलं. बाबांची पाठ आमच्याकडे होती. आईने शिकवलेलं सगळं सांगून संपलं होतं आणि कास अजून अर्धी भरलेली होती.

धार थांबली. ठमीने पाय हलवला. तेव्हा ते म्हणाले, "अजून एक आहे. हे तिला ठाऊक नाही. ते वाकडे केस... दुकानात मी तिची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मीपण हसलो. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकं म्हणायची, ती बायकोची नक्कल करा. आणि मी करायचो."

धार वाजत होती. मला आईकडे बघवेना. माझ्या दंडावरचा तिचा हात तसाच होता, ना घट्ट झाला ना सैल.

"मला ठाऊक आहे ते," आई म्हणाली.

बाबांचे हात थांबले. ते वळले नाहीत.

"दुकानाचं मागचं दार उघडंच असतं. ठमीला नव्हतं सांगितलं, एवढंच. लाज वाटली. म्हटलं, निदान तिला तरी कळायला नको, तुम्ही असे आहात."