प्रिंटरच्या कपाळी कुंकू

उल्हासनगरातल्या एका प्रिंटरवाल्या सिंधी शेठवर माझा राग आहे. काही वर्षांचा आहे, चांगला मुरलेला आहे. त्या बाजारातून जायची वेळ आली की मी मुद्दाम रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो. तरी तो गल्ल्यावरून हात वर करून ओरडतोच, "भाऊ, मशीन बरी आहे ना? कुंकू बाहेरून ना?" मग शेजारचा जीन्सवाला हसतो, पलीकडचा फर्निचरवाला हसतो, आणि ज्यांना यातलं काही माहीत नाही अशी खरेदीला आलेली माणसंही हसतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. चूक कुणाची ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी माझं ठरवलेलं आहे.

मी बदलापूरचा, मांजर्लीचा. घरी भातशेती होती, पण तिच्यावर सगळ्यांचं भागेना म्हणून अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागलो. ड्रम भरायचे आणि त्यावर लेबल चिकटवायचं, हे माझं काम. लेबलं यायची ठाण्याहून, आणि कधीच वेळेवर यायची नाहीत. भरलेले ड्रम उभे, ट्रक उभा, आम्ही उभे, आणि साहेब फोनवर. तिथे उभं राहून राहूनच माझ्या डोक्यात आलं की हे लेबल इथल्या इथे छापून देणारा कुणी असला तर त्याला मरण नाही. पुढे अंबरनाथमध्येच आनंदनगर एमआयडीसीत भाड्याने छोटा गाळा घेतला. मी आणि बायको, दोघांनीच सुरुवात केली. कुणी हात दिला नाही. जे मिळालं ते भाव करून मिळवलं. लोक म्हणतात मला भाव करायची खोड आहे. खोड नाही, माझं तेवढंच शिक्षण झालंय.

लेबल छापायचा प्रिंटर घ्यायला मी या शेठकडे गेलो. त्याने भाव सांगितला.

"हा मशीनचा भाव झाला की दुकानाचा?" मी विचारलं.

"भाऊ, यात सगळं आलं. माझा माणूस तुमच्याकडे येणार, मशीन बसवून देणार, शिकवून देणार."

"माणूस काढा."

"माणूस काढला तर शिकवणार कोण?"

"वायर लावता येते मला. माणूस काढा, भाव खाली आणा."

शेठने माणूस काढला. मग मी लेबलचा एक रोल फुकट मागितला, तो दिला. मशीन झाकायला कव्हर मागितलं, तेही दिलं. खोक्याला सुतळी बांधताना म्हणाला, "साईं, आज तुम्ही मला सोलून नेलं." मी घरी येईपर्यंत खुशीत होतो.

मशीन चांगलं चाललं. दसरा आला. गाळ्यात आम्ही कटर, वजनकाटा, लॅपटॉप, प्रिंटर असं सगळं पुसून मांडलं. झेंडूचे हार घातले, आपट्याची पानं ठेवली. बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती आणि मी प्रिंटरचं झाकण उघडलं.

"अहो, आत कशाला? वरून लावा ना."

"वरून काय, ते नुसतं खोकं आहे," मी म्हटलं. "कंपनीत आम्ही ड्रम भरायच्या मशीनला आत, नळीपाशी लावायचो. काम जिथे होतं तिथे लावायचं."

आत रोलखाली एक लहानशी काळी चकती होती. गुळगुळीत, गोल, बरोबर मधोमध. देवाने कपाळ म्हणूनच दिल्यासारखी जागा. रोल जरा उचलून मी तिथे बोटभर ओलं कुंकू दाबून लावलं, वर अक्षता टाकल्या, रोल खाली ठेवला, झाकण बंद केलं आणि हात जोडले. पूजेनंतर त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून सगळं बंद करून आम्ही घरी जाऊन श्रीखंड-पुरी खाल्ली.

आता खरी गोष्ट. त्याच आठवड्यात आनंदनगरच्या एका मोठ्या केमिकल कंपनीने मला एक ऑर्डर देऊन बघायचं ठरवलं होतं. माझ्या जुन्या कंपनीसारखीच ही कंपनी, लेबलंही ठाण्याहूनच घेणारी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन आला.

"ट्रक दुपारी निघणार. धोक्याच्या खुणेचं लेबल नसेल तर एकही ड्रम गेटबाहेर जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, मला नाही माहीत तर कुणाला?"

"आणि एक सांगतो. ठाण्याच्या माणसाला मी अजून नको म्हटलेलं नाही."

म्हणजे आज लेबलं पोचली तर ते गेट माझं, नाही पोचली तर पुन्हा ठाणेवाल्याचं. इतक्या वर्षांत मला दुसरं काही नको होतं. मी लॅपटॉपवर बटण दाबलं.

प्रिंटरने एक कोरं लेबल बाहेर काढलं. मग आणखी एक कोरं. मग जीभ काढून दाखवल्यासारखी कोऱ्या लेबलांची लांबलचक पट्टी सोडली, थांबला, आणि लाल दिवा लुकलुकायला लागला.

मी वायर काढून परत लावली. दुसऱ्या बोर्डात लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रिंटरच्या पाठीवर दोन थापा मारल्या. झाकण थोडं उघडून जोरात फुंकलं, रोल काढून उलटा बसवला, तर लेबलं पालथी निघायला लागली, म्हणून परत सुलटा केला. बायको बाजूला उभी राहून कोरी पट्टी शांतपणे गुंडाळत होती.

"बघत काय उभी राहिलीस?"

"मी कुठे काय बोलले?"

हेच मला सहन होत नाही. मी प्रिंटरच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक गोड आवाजाची बाई आली.

"सर, आपण मशीन एकदा बंद करून चालू केलं का?"

"मॅडम, तेवढं मला कळतं." लॅपटॉप बंद करून चालू केला होता. मशीन केलं नव्हतं. बोलता बोलता पायाने बोर्डाचं बटण दाबून तेही केलं. दिवा लालच.

"सर, आत लेबल ओळखणारा सेन्सर असतो. त्याच्यावर धूळ किंवा घाण आहे का, एकदा चेक कराल?"

"घाण?" माझा पारा चढला. "मॅडम, कालच या मशीनची पुसून, धूप दाखवून पूजा झाली आहे. तुमच्या ऑफिसातपण एवढी स्वच्छता नसेल."

"ओके सर," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "ओके सर." मग मशीन दुकानात दाखवा असं सांगून तिने मला आणखी काही मदत हवी आहे का ते विचारलं. मी फोन ठेवला.

मला कळून चुकलं. शेठने दावा साधला होता. मी भाव पाडला म्हणून त्याने मला मुद्दाम कसलंतरी परत आलेलं मशीन गळ्यात मारलं होतं. मी प्रिंटर टॉवेलमध्ये गुंडाळला. बायकोने लॅपटॉपची बॅग माझ्या खांद्याला अडकवली.

"लॅपटॉप कशाला? मी भांडायला चाललोय."

"असू दे. भांडण लवकर संपलं तर?"

रिक्षावाल्याने उल्हासनगरचं जे भाडं सांगितलं त्यावर त्या दिवशी मी काही बोललो नाही, यावरून माझी अवस्था समजावी. मांडीवरचं गाठोडं बघून तो म्हणाला, "काका, मिक्सर बिघडला काय? माझापण सणालाच बिघडतो." मी शेठला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. चांगलं जुळलं होतं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. बरंच झालं, साक्षीला माणसं हवीच होती. मी गाठोडं धाडकन काउंटरवर ठेवलं आणि टॉवेल ओढला.

"शेठ, हे काय दिलंत मला?"

शेठने प्रिंटरकडे बघितलं. प्रिंटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता. घाईत काढायचा राहिला होता.

"भाऊ," शेठ म्हणाला, "सत्कार माझा आहे की मशीनचा?"

गिऱ्हाईक हसलं. माझं जुळवलेलं सगळं भाषण तिथेच विस्कटलं. तरी मी बोललो. भंगार म्हटलं, फसवणूक म्हटलं, आमच्या आनंदनगरात या दुकानाचं नाव कोण घेतो बघतो म्हटलं. शेठ ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याने हार काढून बाजूला ठेवला, झाकण उघडलं, रोल उचलला आणि आत डोकावला. मग तो हळूच उठून उभा राहिला, चप्पल काढली आणि प्रिंटरला हात जोडले.

"चेष्टा करू नका, शेठ. तिकडे ट्रक उभा आहे."

"चेष्टा नाही. साईं, तुम्ही तर याच्या डोळ्यात कुंकू घातलं."

त्याने मला वाकून बघायला लावलं. मी कपाळ समजलो होतो ती काळी चकती म्हणजे मशीनचा डोळा. एक लेबल कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे तो डोळा बघतो, म्हणून मशीन बरोबर जागी छापतं. आता त्याच्यावर वाळून खडक झालेल्या कुंकवाचा ठिपका होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. बिचारं मशीन आंधळ्यासारखं चाचपडत लेबलांमागून लेबलं सोडत होतं.

"तुम्हीच सांगायला नको होतं?" मी म्हटलं. "आपल्याकडे दसऱ्याला लोक पूजा करतात हे काय तुम्हाला माहीत नाही?"

"आम्हीपण करतो की!" त्याने आपला बिल काढायचा प्रिंटर माझ्याकडे फिरवला. त्यावर कुंकू होतं. बाहेरून, कडेला. "आणि सांगणार होतो ना. जो माणूस सांगायला येणार होता, त्याला तुम्ही भावातून काढला."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण घड्याळ पुढे चाललं होतं. शेठने कापसाला काहीतरी लावून तो डोळा पुसला. कुंकू सहज सुटेना, मग मीही बोटाने घासलं, बोटं लाल झाली. तांदळाचा दाणा त्याने चिमट्याने उचलून कागदावर ठेवला आणि आदराने माझ्यापुढे सरकवला. "प्रसाद."

दिवा हिरवा झाला. इतक्यात बायकोचा फोन.

"साहेबांचा फोन येऊन गेला. मी सांगितलं, लेबलं घेऊन निघालेत, रस्त्यात आहेत."

"अगं, अजून छापलीपण नाहीत!"

"मग छापा ना. लॅपटॉप दिलाय."

गाळ्यावर परत जाऊन छापायला वेळच नव्हता. शेठने न विचारता काउंटर मोकळा केला, गिऱ्हाइकाला जरा सरका म्हणाला, माझा लॅपटॉप जोडला. धोक्याच्या खुणांची लेबलं भराभर बाहेर यायला लागली, बरोबर कापलेली, बरोबर जागी छापलेली. शेठ ती गुंडाळत होता, मी तपासत होतो. मशीन चालत असताना बोलवत नाही, हा कारखान्यातला गुण दोघांतही होता.

"किती झाले?" शेवटी मी विचारलं. मनात आकडा धरून ठेवला होता. तो जे सांगेल त्याच्या निम्मं.

"काही नाही."

"काही नाही कसं? बोला तर."

"बसवायला माणूस येणार होता ना? तो आज आला असं समजा."

ही माझी तक्रार. माणसाने भाव सांगावा, आपण तोडावा, त्याने डोक्याला हात लावावा, आणि दोघांनी बरोबरीत उठावं. पण जो काहीच मागत नाही त्याच्याशी भाव कसा करायचा? मी काढलेला माणूस त्याने चार लोकांसमोर फुकटात परत घातला. मी निदान रोलचं एक खोकं घ्यायचं ठरवलं, त्याने सांगितलेल्या भावात, एक शब्द न बोलता. खिशात हात घातला तसा शेठ घाबरला.

"भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. घ्या पैसे."

"असं नका करू. काहीतरी बोला." आणि मी काहीच बोलेना तेव्हा त्याने आपणहून भाव खाली आणला. तेवढा तर मीही पाडला नसता.

मी गेटवर पोचलो तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर सावलीत गमछा टाकून पडला होता. ड्रमवर लेबलं चढवायला मीही हात लावला; माझे हात ते काम विसरलेले नव्हते. ट्रक गेटबाहेर पडला. साहेब म्हणाले, "ठाण्याला कळवतो मी आता." मग माझ्या हाताकडे बघून विचारलं, "हे लाल काय? रंगाचं मशीनपण आहे का तुमच्याकडे?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "आमची पद्धत आहे."

ते गेट आजही आमच्याकडे आहे. दर दसऱ्याला बायको ताट माझ्या हाती देतच नाही, स्वतः बाहेरून ठिपका लावते आणि मला म्हणते, "तुम्ही फक्त हात जोडा." रोल आणायलाही आता तीच जाते. मी एवढी वर्षं घसा कोरडा करून जो भाव मिळवला, त्याहून कमी भावात शेठ तिला रोल देतो. ती काही बोलतसुद्धा नाही.