आम्ही सगळे कुलकर्णी

जुन्या ऑफिसातली आम्ही चार-पाच माणसं अजून अधूनमधून भेटतो. पहिल्या चहाला तब्येती होतात, दुसऱ्याला मुलांची लग्नं, आणि तिसरा चहा आला की कुणीतरी कुलकर्णी साहेबांचा विषय काढतंच. मग घड्याळाकडे बघायचं नाही. हे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत की पाठ केले नाहीत. कपाटात फायली साठतात तसे ते साठत गेले. फरक एवढाच, की फायली पुढे रद्दीत गेल्या!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कापडाच्या रंगांची कंपनी होती. मी टेलिफोन ऑपरेटर, टायपिस्ट आणि टूरवर जाणाऱ्यांची हॉटेलं बुक करणारी, असं थ्री इन वन. शेठ गुजराती, स्टाफ निम्मा मराठी. आणि अ‍ॅडमिनला विनायक कुलकर्णी साहेब. मूळचे नाशिककडचे, पण सुरतेत तीस वर्षं काढलेले. माणूस इतका सरळ की ऑफिसच्या पेनाने घरच्या वाण्याची यादी लिहायचे नाहीत.

एक दिवस एका मोठ्या हॉटेल कंपनीचा टायवाला माणूस आला. आमच्या हॉटेलांत जितक्या रात्री राहाल तितके पॉइंट, पॉइंट साठले की फुकट राहणं, आणि नाश्ता तर आजपासूनच फुकट, असं त्याने शेठना पटवलं. कार्ड मात्र एकाच माणसाच्या नावावर मिळणार. शेठनी हुकूम काढला, सगळ्यांनी त्या एकाच नावावर राहायचं, म्हणजे पॉइंट एकाच जागी साठतील. आता कुणाचं नाव? बाकीचे सगळे टूरवर होते. टेबलाशी एकटे कुलकर्णी साहेब बसले होते. त्यांनी नको नको म्हणत नाव दिलं.

म्हणजे बघा, जो माणूस जन्मात एकदाही टूरवर गेला नाही, त्याच्या नावावर अख्खी कंपनी टूरवर जायला लागली! तेव्हा हॉटेलात ओळखपत्र वगैरे कुणी मागत नसे. नाव सांगा, सही करा, किल्ली घ्या.

* * *

पहिला कुलकर्णी झाला पाटील. धुळ्याकडचा गडी, सुरतेत डिंडोलीला राहायचा, गिरण्यांमध्ये जाऊन आमचे रंग कसे वापरायचे ते दाखवायचा. मुंबईच्या हॉटेलात पोचला, सही केली आणि खोली तयार होईपर्यंत लॉबीत पेपर वाचत बसला.

थोड्या वेळाने हॉटेलचा माणूस 'मिस्टर कुलकर्णी' लिहिलेली पाटी घेऊन, घंटी वाजवत लॉबीत फिरायला लागला. पाटीलने पाटी वाचली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. माणूस चार वेळा समोरून गेला. पाचव्यांदा पाटीलला त्याची दया आली. त्याने त्याला जवळ बोलावून सांगितलं, "कुलकर्णी साहेब इथं कुठं सापडतील भाऊ, ते सुरतेला असतात."

हॉटेलवाल्यांनी लगेच सुरतेला फोन लावला. मी तो साहेबांना जोडून दिला. आपण मिस्टर कुलकर्णी का? हो. आपण आत्ता कुठे आहात? साहेबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "मी सुरतेतच आहे."

हॉटेलने खोली कॅन्सल केली.

पाटील त्या दिवशी दादरला मावसभावाकडे राहिला. पण हॉटेलचा फोन आला की आधी काय बोलायचं, ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

* * *

पुढचा घोळ माझा. पाटील आणि मेहता, दोघांचं बुकिंग मी एकाच दिवशी एकाच हॉटेलात करून बसले. मेहता म्हणजे आमचा सेल्सचा माणूस, अस्सल सुरती. खाण्याच्या बाबतीत सुरती माणसाला काय सांगणार!

सकाळी पाटील फुकटचा नाश्ता हाणून गेला. अर्ध्या तासाने मेहता आला. दारातल्या मुलीने यादी पाहिली आणि अदबीने म्हणाली, सर, मिस्टर कुलकर्णींचा नाश्ता होऊन गेलाय.

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. मेहता शांतपणे खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ए तो पची गयो."

तिने त्याला प्लेट दिली. परत आल्यावर त्याने मला पेढे दिले आणि म्हणाला, सुनीताबेन, अशी चूक महिन्यातून एकदा करत जा.

* * *

हेतल नावाची आमची केमिस्ट होती, नवीनच लागलेली, बावीस-तेवीसची. तिला अहमदाबादला पाठवायचं ठरलं आणि माझ्या लक्षात आलं की बुकिंग 'मिस्टर' कुलकर्णींचं आहे. आम्ही सगळे टेन्शनमध्ये. पण पोरगी चलाख. रिसेप्शनवर तिने सांगितलं, मिस्टर कुलकर्णींना यायला जमलं नाही, मी त्यांची मुलगी.

साहेबांना मूलबाळ नव्हतं. परत आल्यावर हेतल घाबरत घाबरत त्यांच्यापुढे उभी राहिली आणि काय केलं ते तिने सांगितलं. आम्हाला वाटलं, आता खोटेपणावर तासभर व्याख्यान होणार. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "खोली नीट होती ना, बेटा?"

तेव्हापासून ती त्यांना पप्पा म्हणायला लागली. दिवाळीचा फराळ आधी त्यांच्याकडे, मग स्वतःच्या घरी.

* * *

नावाचा असा वापर झाला की नावाला डागही लागणारच. नवीन वर्षाला हॉटेलने कुलकर्णी साहेबांच्या घरी छानसं ग्रीटिंग पाठवलं. आत लिहिलं होतं की आमच्या बारवर आपण जे प्रेम करता त्याबद्दल ही छोटी भेट, पुढच्या खेपेला व्हिस्कीची बाटली आमच्यातर्फे.

आमचं गुजरात ड्राय! तिथे दारूचं नाव घेतानाही लोक आवाज खाली आणतात. कुलकर्णी काकूंना इंग्रजी वाचायला त्रास पडायचा, म्हणून त्यांनी ते ग्रीटिंग शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीत सगळ्यांना कळलं की कुलकर्णींचं बाहेर भलतंच चाललंय.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. ते कधी ओरडत नसत. हळूच विचारलं, "माझ्या नावाने पितं कोण?"

तीन हात वर गेले. चौथा शेठचा होता, पण तो अर्धाच वर गेला.

* * *

अशी चार-पाच वर्षं गेली. साहेबांची रिटायरमेंट दोन महिन्यांवर आली आणि हॉटेल कंपनीचं पत्र आलं. मिस्टर कुलकर्णी, आपले पॉइंट भरपूर साठले आहेत. अंदमानजवळच्या बेटावरच्या आमच्या नव्या रिसॉर्टमध्ये दोघांना चार रात्री, राहणं-खाणं सगळं आमच्यातर्फे. सोबत फोटो. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, आणि दोन माडांच्या मध्ये झोपाळा.

तो फोटो बघून ऑफिसात महाभारत सुरू झालं. पाटील म्हणाला, सगळ्यात जास्त रात्री माझ्या. मेहता म्हणाला, रात्रींवर नाही, नाश्त्यावर मोजा. शेठ म्हणाले, कंपनी माझी. दोन दिवस कुणी काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचली. सभासदाने स्वतःच यायचं, पॉइंट दुसऱ्याला देता येणार नाहीत, आणि एप्रिलच्या आत वापरले नाहीत तर गेले.

सगळे कुलकर्णी साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी पत्र घडी करून मला परत दिलं. "हे पॉइंट माझे नाहीत. मी एक रात्र तरी राहिलोय का? जाऊ देत ते वाया."

आम्ही खूप समजावलं. हेतल रडली. काही उपयोग झाला नाही.

आता काकूंचं सांगते, म्हणजे आम्ही एवढे का मागे लागलो ते कळेल. लग्नात साहेबांनी त्यांना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पण दरवेळी कुणाची तरी टूर निघायची, आणि तिची व्यवस्था बघायला साहेब मागे थांबायचे. चौतीस वर्षांत काकूंनी समुद्र पाहिला तो सुरतेजवळच्या डुमसचा. काळी वाळू, अर्धा मैल लांब गेलेलं पाणी आणि टोमॅटोची भजी. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. पण एकदा डबा द्यायला ऑफिसात आल्या तेव्हा तो फोटो माझ्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "सुनीता, पाणी खरंच असं निळं असतं का गं?"

मी तडक पाटीलला गाठलं आणि सांगितलं, काहीही कर.

पाटील साहेबांच्या केबिनमध्ये गेला. एरवी तो ऑफिसात शहाण्यासारखं मराठी बोलायचा, मनापासून काही बोलायचं असलं की घरची अहिराणी बाहेर पडायची. म्हणाला, "साहेब, रात्री आमन्या, पण नाव तं तुमनंच झिजनं ना? चार-पाच वर्षं फुकट वापरलं. त्याचं भाडं नको का द्यायला?"

भाडं ही गोष्ट त्यांना न्यायाची वाटली असावी. ते हो म्हणाले!

निरोप समारंभाचं घड्याळ आणि शाल आम्ही रद्द केली आणि त्याच्या वर्गणीतून दोघांची जाण्यायेण्याची तिकिटं काढली. काकूंनी वाटेसाठी दशम्या केल्या. शिवाय स्वतःचे दोन टॉवेल घेतले, दुसऱ्याचे कशाला वापरायचे म्हणून.

* * *

आता शेवटचा. हा काकूंनी आल्यावर स्वतः सांगितला, आणि त्यातला सुरतेचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

दोघं बोटीतून बेटावर उतरली. रिसॉर्टच्या मॅनेजरने गळ्यात फुलांच्या माळा घातल्या, नारळाचं पाणी दिलं, रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी आपली सुरेख वळणदार सही केली. मॅनेजरने फाइल उघडली. फाइलमध्ये इतक्या वर्षांच्या मिस्टर कुलकर्णींच्या सह्या होत्या. एक पाटीलची, एक मेहताची गुजराती वळणाची, एक शेठची. ही सही त्यातल्या एकीशीही जुळेना!

खरा कुलकर्णी पहिल्यांदा हॉटेलात आला आणि तोच तोतया ठरला.

मॅनेजरने ओळखपत्र मागितलं. कंपनीचं ओळखपत्र साहेबांनी रिटायर झाल्या दिवशी, नियमाप्रमाणे, जमा केलं होतं. स्कूटर कधी चालवली नाही, म्हणून लायसन नाही. रेशनकार्ड सुरतेला, डब्यात. विमानाची तिकिटं दाखवली, तर मॅनेजर म्हणाला, तिकीट कुणाच्याही नावावर काढता येतं. शेवटी त्याने फाइलमधला ऑफिसचा नंबर फिरवला.

इकडे मी जेवायला उठले होते. माझ्या टेबलावरचा फोन पाटीलने उचलला. पलीकडून हॉटेलचं नाव कानावर पडलं मात्र, पाटील छाती काढून म्हणाला, "येस, कुलकर्णी स्पीकिंग!"

मी डबा टाकून धावले, पण उशीर झाला होता. पलीकडचा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पाटीलचा चेहरा मात्र पांढराफटक पडला आणि त्याने घाबरून फोन ठेवून दिला. नंतर आम्ही तासभर लाइन लावत होतो. लागली नाही.

तिकडे, कुलकर्णी सुरतेतच आहेत हे ऐकून मॅनेजरचा आवाज चढला होता. परतीची बोट धक्क्याला उभीच होती. साहेब खाली मान घालून उभे होते. काकू म्हणाल्या, मला समुद्राचं काही वाटलं नाही, पण यांची मान खाली गेलेली मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली.

मॅनेजरने एक शेवटचा उपाय केला. तो साहेबांना बाजूला सारून काकूंकडे वळला आणि हिंदीत म्हणाला, "आप इनकी पत्नी हैं, तो इनका पूरा नाम बताइए।"

काकू गप्प! घरात 'अहो', बाहेर 'आमच्याकडचे'. साहेबांचं नाव घ्यायची वेळ आली की त्या शेजारणीला पुढे करायच्या. मॅनेजरला वाटलं, सापडली चोरी. त्याने बोटवाल्याला हात केला.

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला. आणि त्या काउंटरसमोर, चार फॉरेनर आणि अख्खा स्टाफ बघत असताना, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"नावावर यांच्या राहून गेले हॉटेलात अनेक,
पण विनायकराव माझे साऱ्या जगात एक!"

मॅनेजरला त्यातला एकच शब्द कळला. त्याने फाइलमधलं नाव पाहिलं, लाजून लाल झालेल्या काकूंकडे पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली काउंटरवरून पुढे सरकवली. मग साहेबांना विचारलं, "सर, व्हॉट डिड मॅडम से?"

कुलकर्णी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शी सेज," ते म्हणाले, "आय अ‍ॅम विनायक."