ड्वेनचं रॉकेट

कॅन्ससमध्ये शाळेची बस चालवणाऱ्या नोरीन हॉस्टेटलरनं हिवाळाभर खपून एक मोठं रॉकेट बांधलं. हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हवं, तर रॉकेट स्वतःच्या हातानं बांधून उडवायचं आणि धड परत आणायचं असा नियम. तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून रंग द्यायला तिनं ते क्लबातल्या जुन्या मित्राकडे, ड्वेनकडे ठेवलं.

उडवायच्या दिवशी, शनिवारी, त्याचा फोन आला. "वारा फार आहे, आज उडवणं रद्द. तू पडून राहा."

दुपारी खिडकीतून तिला धुराची रेघ आभाळात चढताना दिसली. काठी टेकत ती रानात पोचली, तर तिचं रॉकेट पॅराशूटखाली उतरत होतं आणि लोक ड्वेनची पाठ थोपटत होते.

"ते मी बांधलंय," ती ड्वेनच्या नावानं प्रमाणपत्र लिहिणाऱ्या परीक्षकाला म्हणाली.

परीक्षकानं ड्वेनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, या पायानं तू आता कसली उडवतेस!"

चोरीपेक्षा हे तिला जास्त लागलं.

पुढच्या वसंतात दुसऱ्या क्लबात, दुसऱ्या रॉकेटवर ती पास झाली. ड्वेनला तिनं कळवलं नाही.