ताईची हिरवी इरकल

माझ्या ताईचं घर ती जिवंत असतानाच विकलं गेलं. ताटं, वाट्या, बेड, साड्या, सगळं.

विकणारा तिचा नवरा होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी दाजींनी कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरून स्वतःच्या गाडीचा फोटो टाकलाय. बाजूला ताईचा फोटो, आणि खाली लिहिलंय, ‘हिनेच मला कमी सामानात जगायला शिकवलं.’

लोक हात जोडतायत. ‘सो इन्स्पायरिंग सर’ म्हणतायत.

म्हणून ही पोस्ट. दाजी, टॅग केलंय. वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई-दाजी बरीच वर्षं कतारला, दोह्यात, अल हिलालच्या फ्लॅटमध्ये. मी त्याच शहरात, अल अझीझियाला. दाजी कन्स्ट्रक्शनमध्ये मॅनेजर. एका थंडीत ऑफिसच्या लोकांबरोबर सीलाइनच्या किनाऱ्यावर वाळूत कॅराव्हॅन लावून राहिले आणि त्यांना साक्षात्कार झाला. रिटायर झालं की घर नको. गाडीतच राहायचं, कायमचं, भारतभर फिरत.

त्या कॅम्पला सगळ्यांचा स्वयंपाक ताईने केला होता. तिला कसलाही साक्षात्कार झाला नाही. तिचे फक्त गुडघे दुखले.

तिला कुणी विचारलंही नाही.

तिकडे पुण्यात गाडी बांधायला टाकली. इकडे घर रिकामं करायला सुरुवात.

दाजींचा नियम सोपा. "वर्षभरात वापरलंय का? नाही? खलास."

त्यांचा ड्रोन, त्यांची दुर्बीण, त्यांचं कॉफी मशीन हे इक्विपमेंट. ताईचं होतं तो पसारा.

मराठी बायकांच्या ग्रुपवर फोटो पडायला लागले. लोक यायचे, घासाघीस करायचे, उचलून न्यायचे. ताई प्रत्येकीला चहा द्यायची. विकलेला एकही डबा तिने रिकामा दिला नाही. मूठभर तांदूळ, नाहीतर चमचाभर साखर घालूनच द्यायची.

"अगं, विकतेयस की वाण वाटतेयस?" इति दाजी. आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मग साड्यांची पाळी आली.

"गाडीत साडी कोण नेसणार? ट्रॅकपँट घे, टी-शर्ट घे, मोकळी राहा."

ताईने एकच मागितली. आईने दिलेली हिरवी इरकल.

"एवढी एक राहू द्या. मला न्यायच्या दिवशी हीच नेसवा."

"त्या दिवसासाठी आत्तापासून ओझं वाहायचं? यल्ला, चल, टाक फोटो."

हे माझ्यासमोर झालंय. मी म्हटलं, मला द्या, मी ठेवते.

"म्हणजे पसारा नुसता घर बदलणार," दाजी म्हणाले. "डिसिजन म्हणजे डिसिजन."

मी तोंड उघडलं तर ताईने माझा हात दाबला. "राहू दे गं. उगाच तमाशा नको."

ग्रुपवरची, अल दुहैलला राहणारी एक बाई साडी घेऊन गेली. ताईने घडीत अक्षता घालून दिली.

निघायला आठवडा राहिला असताना ताई गेली.

बेड आधीच विकला होता. जमिनीवर गादी टाकून झोपायचे. त्या गुडघ्यांनी ती रोज सकाळी भिंतीला धरून उठायची. त्या दिवशी उठलीच नाही. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, हार्ट.

लोक भेटायला आले तर बसायला खुर्ची नाही. खालच्या मजल्यावरच्या वसईच्या मॅगीने खुर्च्या वर पाठवल्या. ताईच्याच. मॅगीनेच त्या विकत घेतल्या होत्या. लोक ताईच्या खुर्च्यांवर बसून म्हणाले, घर किती रिकामं रिकामं वाटतंय.

मी अल दुहैलच्या बाईला फोन लावला. साडी द्या म्हटलं, मागाल ते देते.

"अगं, सो सॉरी गं. मुलीच्या शाळेत इंडिया डे होता ना, तिला घागरा शिवला. काठ थोडासा उरलाय. हवाय का?"

मी फोन ठेवला. माझ्या लग्नातला हिरवा शालू काढला, इस्त्री केली आणि दाजींना सांगितलं, कपडे मी आणतेय, माझ्यासाठी थांबा.

दाजी थांबले नाहीत.

मी शवागारात पोचले तेव्हा ताईला गावी न्यायची पेटी बंद झाली होती. तिथला माणूस बिचारा हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, अब नहीं खुलेगा. सील हो गया."

"काय घातलंत तिला?" मी विचारलं.

"ट्रॅकपँट आणि तो टी-शर्ट. नवीनच होता. कंफर्टेबल."

तो टी-शर्ट दाजींनी दोघांसाठी हौसेने छापून घेतला होता. छातीवर मोठ्या अक्षरांत, ‘पत्ता नाही, चिंता नाही.’

माझी ताई तो घालून विमानाच्या पोटातून गावी गेली.

दाजी वर बसले होते. हँडबॅगेत ड्रोन होता.

गावी साताऱ्याकडे पेटी अंगणात ठेवली. जाऊन बरेच दिवस झालेत, घरी उघडायची नाही, असं पुरुषांनी ठरवलं. उघडणार ती स्मशानात, आणि तिथे आम्हा बायकांना कोण नेणार?

बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, नारळ. सवाष्ण गेली म्हणून म्हाताऱ्या सारख्या म्हणत होत्या, "भाग्याची गं, भाग्याची."

शेवटी चुलतीने माझ्या हातातला शालू घेतला आणि पेटीवर पसरला. पदर नीट काढला. जिथे कपाळ असेल असं वाटलं तिथे कुंकू लावलं.

बांगड्या कशात भरायच्या कुणाला कळेना. झाकणावर ठेवल्या.

आणि आम्ही बायकांनी एका लाकडी पेटीची ओटी भरली.

ताई, तुला साडी नेसवता आली नाही गं. धाकटीचा नमस्कार घे.