पंडुमला जाऊन आलेली बाटली

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसायला वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. पिंपळाखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... माझा नवरा मांजर आडवी गेली की गाडी थांबवतो. मी मागे बसून म्हणते, "ती तिच्या कामाला चाललीय, तू तुझ्या कामाला चल." धातूशास्त्र शिकलेली बाई मी. जे मोजता येत नाही त्याच्यावर डोकं शिणवू नये, असं माझं साधं मत होतं. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

जागा चंद्रपूर, एमआयडीसीतली एक लहानशी शेड. कोळशाच्या खाणीत ड्रिलला टंगस्टन कार्बाइडची कडक टोकं असतात. ती झिजली की आम्ही घ्यायचो आणि दळून पावडर करायचो. त्या पावडरीपासून थ्रीडी प्रिंटरवर नवे सुटे भाग बनवायचे, हा आमच्या मालकांचा बेत. अडचण अशी की दळलेला कण खडबडीत, कोपऱ्याकोपऱ्यांचा असतो. तो ओल्या मिठासारखा अडकून बसतो, प्रिंटरमध्ये वाहतच नाही. त्याला गोल करायला प्लाझ्मा — म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूची ज्वाळा, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापलेली. वरून पावडर सोडायची. कण पडता पडता वितळतो, गोल होतो आणि खाली पोचेपर्यंत थिजतो. झाऱ्यातून बुंदी पाडतात तसंच, फक्त ही बुंदी डोळ्यांना दिसत नाही.

आमचे दाणे गोल व्हायचे, पण आतून पोकळ. कार्बाइडला धरून ठेवणारा कोबाल्ट त्या ज्वाळेत उकळून उडून जायचा. ज्वाळा कमी केली तर कोपरे तसेच राहायचे. पोकळ दाण्यांचा भाग केला की तडकलाच म्हणून समजा. मालकांनी पावसाळ्याआधीच सांगितलं होतं — दिवाळीपर्यंत भरीव दाणा दाखवा, नाहीतर मशीन विकतो. मशीन गेलं की मी आणि ऑपरेटर लालसूभाऊ, दोघंही घरी बसणार होतो.

लालसूभाऊ भामरागडच्या पलीकडचे, माडिया. बोलतात कमी, पण बोलले की टोमणाच. माझ्या हातच्या चहाला ते 'गरम पाणी' म्हणतात. भर पावसाळ्यात त्यांनी पंडुमसाठी सुट्टी मागितली. पंडुम म्हणजे त्यांचा नव्या पिकाचा सण. प्रत्येक घर आपल्या हातचं नवं धान्य देवाच्या झाडाखाली नेऊन ठेवतं, त्याआधी कोणी ते तोंडात घालत नाही.

"मॅडम, थोडी गोल पावडर द्या ना. पंडुमले न्यायची आहे."

"देव काय पावडर खाते का, लालसूभाऊ?"

"माझा भाऊ कोसरी नेते. बहीण मका नेते. मी तर शेती करून नाई राह्यलो. माझ्या हातचं पीक हेच ना?"

म्हटलं, घ्या. फळीवर दोन प्लास्टिकच्या बाटल्या होत्या — एक प्लाझ्मातून काढलेली, एक नुसती दळलेली. दोन्हींवर माझ्या अक्षरातलं लेबल, झाकणावर माझ्या सहीची पट्टी. लालसूभाऊंनी भिंतीकडे तोंड करून हात मागे नेला, बाटली उचलली आणि दुपट्ट्यात गुंडाळली.

"अहो, पाहून तर घ्या!"

"देवाच्या वाट्याचं निरखून पायत नाई आमच्या घरी," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी फळीकडे पाहते तर गोल पावडर जागेवरच. भाऊ कच्ची बाटली घेऊन गेले होते! मी एकटीच हसत सुटले. फोन लागेना, पर्लकोटा नदीला पूर आलेला, भामरागडचा पूल पाण्याखाली. देवाला यंदा खडबडीत नैवेद्य, असं मी नवऱ्यालाही सांगून हसवलं.

पाणी उतरल्यावर भाऊ परत आले. मी चेष्टेच्या सुरात सांगायला गेले, तर त्यांचं तोंडच उतरलं.

"म्हणजे मी कच्चंच नेलं?" मग दुपट्ट्याची गाठ सोडत म्हणाले, "पेरमानं बाटली वापस देल्ली." पेरमा म्हणजे त्यांच्या गावचे पुजारी. "म्हणाले, सारे आपलं नवं घरी नेऊन खातात, तुझं तर खाता येत नाई. ज्याइच्या संग पिकवलं त्याइच्याकडं ने."

मी बाटली घेतली आणि फळीवर ठेवायला जरा तिरपी केली.

आणि पावडर वाहिली.

कच्ची पावडर वाहत नाही हो! बाटली उलटी केली तरी ती भिंतीला चिकटून राहते. ही मात्र पाण्यासारखी सरकली. मी पुन्हा तिरपी केली, पुन्हा सरकली. लेबल माझं, 'कच्ची'. पट्टी शाबूत, सही माझी. पट्टी कापून चिमूटभर पावडर मायक्रोस्कोपखाली घेतली. गोल दाणे. मग राळेत बसवून घासली, म्हणजे दाण्याचं पोट दिसतं.

भरीव. दिसत होते तेवढे सगळे भरीव.

लालसूभाऊंनी पाहिलं आणि ते खाली स्टुलावर बसले. मला भीती वाटली नाही. रडू आलं, ते का आलं मला माहीत नाही. कुठल्या देवळात माझे हात कधी मनापासून जोडले गेले नाहीत, पण त्या मायक्रोस्कोपसमोर मी अनवाणी उभी होते. चपला कधी काढल्या, आठवत नाही.

मग डोकं ताळ्यावर आलं. कोणी बाटली बदलली असेल? टोकं ड्रिलला तांब्याने जोडलेली असतात, त्यातलं किंचित तांबं आमच्या पावडरीत येतं, ती आमची खूण. नागपूरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं — तेच तांबं, तेवढंच. कोबाल्टही पुरता. लालसूभाऊंना विचारलं, तिथे झाडावर वीज पडली होती का?

"नाई मॅडम. झाड जसंच्या तसं आहे. नुसता पाऊस होता."

आणि वीज पडली असती, तर ज्या उष्णतेत कार्बाइड वितळतो तिच्यात ती प्लास्टिकची बाटली राहिली असती का? तिला साधा पोचासुद्धा नव्हता.

मालक आले, त्यांनी दाणे पाहिले आणि माझी पाठच थोपटली. "जमलं की! रिपोर्ट लिवा, मशीन नाई विकत आता."

"हे आपल्या मशीनमधून निघालेलं नाही."

"मंग कुठून आलं?"

"माहीत नाही."

"मॅडम, काऊन डोकं खराब करून राह्यल्या? कोनाले काय समजते?"

खरंच कोणाला कळलं नसतं. एक सही केली असती तर दोघांची नोकरी टिकली असती. लालसूभाऊंची मुलगी इथल्याच कॉलेजात शिकते, तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मालक, ते आमी नाई केलं." मी सही केली नाही.

दिवाळीपर्यंत आम्ही जिवाचं रान केलं. भरीव दाणा होऊ शकतो हे पाहिल्यावर थांबवत नव्हतं. ज्वाळा, वायू, वेग, सगळं बदलून पाहिलं. दाणे पोकळच निघाले. मशीन ट्रकमध्ये चढलं तेव्हा आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. लालसूभाऊ आता गावी भावाबरोबर शेती करतात. मी घरी शिकवण्या घेते.

बाटली माझ्याकडे आहे. धातू कळणाऱ्या कितीतरी लोकांना विचारलं. काहींनी मला वेड्यात काढलं, काहींनी विषय बदलला. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. नोकरीची हळहळ वाटते, खोटं कशाला सांगू? पण कधीतरी दुपारी मी ती बाटली उजेडात धरते, हळूच तिरपी करते आणि दाणे वाहताना बघत बसते. ते आमचे म्हणून सही केली असती, तर मला त्यांच्याकडे असं बघता आलं नसतं.