प्रश्नचिन्ह आलं की हात वर

यंत्रासमोर बसण्याआधी मास्तर दोन्ही हात वर करायचे. पोलिसांनी दार फोडून आत यावं आणि एखाद्यानं करावेत, तसे. वर गेलेल्या त्या हातांना बोटं आठ होती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. क्षणभर ते तसेच थांबायचे, पडद्याकडं रोखून बघायचे, आणि मग उजवा हात खाली यायचा तो थेट संगणकाच्या कानफटात.

"हात वर, मग काम," ते म्हणायचे. "यंत्राला कळू द्यावं, आपण मोकळ्या हातानं आलोय."

"मग मारता कशाला, मास्तर?"

"मोकळा हातबी लागतो, हेबी त्याला कळू दे की."

नळदुर्गात हायवेच्या कडेला माझं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधतो. रस्त्याच्या पलीकडं मास्तरांचं टायपिंगचं दुकान होतं. माणूस तापट. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील, मी स्वतः त्यातलाच आहे. पण आमच्यासारख्यांचा राग चढतो आणि उतरतो. मास्तरांचा चढलेलाच असायचा, तो फक्त जागा बदलायचा.

एकदा त्यांच्या प्रिंटरमध्ये कागद सारखा अडकत होता. मास्तरांनी त्याला समजावलं, मग दम दिला, मग तान्हं लेकरू उचलावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि हायवेच्या मधोमध नेऊन ठेवलं. कडेला उभे राहिले. हैदराबादकडून एक टँकर आला आणि गेला. प्रतिज्ञापत्रं टाईप करून घ्यायला आलेली माणसं भिंतीला टेकून बघत होती. मास्तर आत आले, हात धुतले आणि म्हणाले, "पुढचा कोण?"

बोटांचं विचारायची सोय नव्हती. विचारणारा नवा असेल तर त्याला उत्तर मिळायचं, आणि दरवेळी वेगळं. एकाला सांगितलं, बोरी नदीत मगरीनं नेली. दुसऱ्याला सांगितलं, सासऱ्यानं मानपानात मागून घेतली. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला खुर्ची फेकून मारली.

आता हा माणूस चिनी टाईप करायला कसा शिकला, तेही ऐका. माळावर पवनचक्क्या बसवायला दोन चिनी फिटर आले होते. त्यांना घरी चार ओळी लिहायच्या असत, आणि गावातल्या कुठल्याच संगणकावर त्यांची अक्षरं उमटत नव्हती. मास्तरांनी हट्टानं ती उमटवली. पुढं त्यातल्या एकाशी त्यांची मारामारीही झाली. कशावरून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं, कारण शिव्या सोडून दोघांना एकमेकांचं काहीच समजत नव्हतं. त्यानंतर दुकानाच्या पाटीवर "मराठी, इंग्रजी"च्या खाली खडूनं "चायनीज" आलं. एका ट्रकवाल्यानं खाली उतरून हाफ नूडल्स मागितल्या, आणि कपाळावर स्टेपलरची खूण घेऊन परत गेला.

माझं काम त्यांच्याकडं पडलं ते पत्रा वाकवायच्या मशीनमुळं. मी भंगारातून वर आलेला माणूस. भाव करणं मला कुणी शिकवलं नाही, ते पोटानं शिकवलं. आमच्याकडं अक्कलकोटच्या बाजारात मराठीत विचारलं तर एक भाव आणि कानडीत विचारलं तर दुसरा, हे मला लहानपणापासून ठाऊक. चीनमधला मशीन विकणारा मला इंग्रजीत भाव सांगत होता. मी ठरवलं, याला याच्याच भाषेत धरायचं.

पण माझ्या संगणकावर त्याचा चिनी मजकूर उघडला की नुसते चौकोन. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. मास्तर आले, हात वर केले, संगणकाच्या कानफटात दिली आणि बसले.

"डबे दिसले तर भ्यायचं न्हाय," ते म्हणाले. "डब्यात माल हाय. आपल्याकडं फक्त चावी न्हाय."

"आणि प्रश्नचिन्हं दिसली तर?"

"मग माल गेला. कुणीतरी डबा फोडून नेला अन् मागं सवाल ठेवला. मग ब्रह्मदेव जरी आला ना शेठ, तरी तिथं काय लिवलं होतं ते सांगणार न्हाय. तवा प्रश्नचिन्ह आलं की हात वर. कशाला हात लावायचा न्हाय."

त्यांनी चिनी अक्षरं बसवली, टाईप करायची सोय बसवली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण आली, चौकोनाला मधून उभी रेघ मारल्यासारखी. ती खूण असली की इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा. खाली चिनी अक्षरांची रांग उभी राहते, प्रत्येकाला नंबर. "शाळेतली हजेरी हाय," मास्तर म्हणाले. "नंबर घे, पोरगं पुढं येतंय." मी एकच शब्द शिकलो, थाय क्वे. म्हणजे फार महाग. तो भाव पाठवायचा, मी थाय क्वे पाठवायचो. तो कारणं सांगायचा, मी पुन्हा थाय क्वे. मला ती दोन अक्षरं नोटांवरच्या सहीसारखी ओळखीची झाली. शेवटी तो खाली आला. मग मी आणखी एक पेच टाकला. मशीनबरोबर येणारा संगणक नको म्हटलं. माझ्याकडं आहे, त्याचे पैसे कमी कर. त्यानं केले.

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते जागचे उठले.

"घोडा घेतला अन् लगाम परत केला व्हय रे? मशीनचा प्रोग्राम चिनी, तुझा संगणक इंग्रजी. ते बोलायचं कसं तुझ्याशी?"

"तुम्ही कशाला आहात?"

त्यांनी माझी कॉलर धरली, मी त्यांची. ही आमची नेहमीची रीत होती. धाकट्यानं, म्हणजे माझ्या भावानं, मध्ये चहा आणून ठेवला.

मशीन आलं. माझा संगणक जोडला. मशीन थांबलं की का थांबलं ते पडद्यावर सांगायचं, आणि तिथं नेमकी प्रश्नचिन्हं यायची. मास्तरांनी संगणकाचा मूळ स्वभाव, म्हणजे त्याची मुळातली भाषा, चिनी करून दिली. संगणक बंद करून चालू करावा लागला, पण मशीन नीट बोलायला लागलं. अक्षरांचा फोटो काढला की मोबाईल अर्थ सांगायचा. फक्त त्याच संगणकावर माझा बिलांचा जुना मराठी प्रोग्रॅम होता, तो बिघडला. तामलवाडीच्या एका गिऱ्हाइकानं ट्रॉलीचं बिल हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठलं म्हणायचं?" सगळं बिल चिनी झालं होतं.

"हे न्हाय चालणार," मी मास्तरांना म्हणालो. "धंदा बिलावर चालतो."

"मग दुसरा संगणक घे."

"थाय क्वे."

तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ठरलं असं की बिलं करायची तेव्हा मराठीचा स्वभाव, मशीन चालवायचं तेव्हा चिनी. प्रत्येक वेळी संगणक बंद करून चालू करायचा. धंदा करणाऱ्यालाच कळेल की गर्दीच्या दिवशी हे जमत नाही. मला कुणी शिकवू नये.

उसाचा हंगाम तोंडावर होता. ट्रॉल्या न्यायला माणसं दारात उभी. सकाळी बिलं केली होती, संगणक तसाच मराठीवर होता. धाकटा मशीनवर. पत्रा अर्धा वाकला आणि मशीन थांबलं. पडद्यावर प्रश्नचिन्हं. एक ओळ, दुसरी ओळ, सगळी प्रश्नचिन्हं.

"दादा, बंद करून चालू करू का?" धाकट्यानं विचारलं.

"पत्रा अडकलाय, दिसतंय की. काढ अन् चालू दे," मी म्हणालो.

त्यानं हात आत घातला. वरून येणारं पातं आणि खालची खाच, यांच्या मध्ये. पातं खाली आणायचं पेडल त्याच्या पायाशीच होतं. बाजूला ग्राइंडर चालू होता, ठिणग्या उडत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मास्तर कशाला आले होते ते मला माहीत नाही. दारातून त्यांना पडदा दिसला आणि धाकट्याचा हात दिसला. ते ओरडले. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं, आवाज आला नाही. दारापाशी मोठा हातोडा पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि फेकला.

पडदा फुटला. काचा धाकट्याच्या मानेवर उडाल्या. तो दचकून मागं पडला, हात बाहेर आला, हातमोजा पत्र्याच्या कडेला अडकून आतच राहिला. आणि त्याच वेळी पातं खाली आलं.

ग्राइंडर कुणीतरी बंद केला. पातं वर गेलं तेव्हा खाचेत तो चामडी हातमोजा होता, पापडासारखा. बोटांच्या जागी पाच सपाट पट्ट्या.

मी धाकट्याकडं आधी गेलो असतो तर बरं, असं लोक म्हणतात. मी मास्तरांकडं गेलो. पहिला ठोसा मी मारला. ते पडले, उठले, त्यांनी माझ्या पोटात डोकं घातलं. आम्ही लोखंडाच्या किसावर लोळलो. माझी भुवई फाटली. त्यांचा पुढचा दात माझ्या मुठीत रुतला, त्याची खूण अजून आहे. कामगारांनी ओढून बाजूला केलं तेव्हा मी ओरडत होतो, "तुम्ही दचकवलं म्हणून त्याचा पाय पेडलवर पडला. तुमच्यामुळं पातं आलं खाली."

"ते येणारच होतं," मास्तर रक्त थुंकत म्हणाले. "हात आत असताना आलं असतं."

"कशावरून?"

ते बसले होते. आठ बोटं मांडीवर. नेहमीसारखं ओरडून बोलले नाहीत.

"छापखान्यात मीबी विचारलं व्हतं, बंद करू का म्हणून. मालक म्हणला, चालू दे."

धाकटा भिंतीशी बसून स्वतःचा हात बघत होता, एकदा पालथा, एकदा उताणा. काचा गोळा करायला कुणी नाही का, म्हणून मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रस्ता ओलांडून आले. ओठ सुजून वांग्याएवढा. बगलेत त्यांच्या दुकानातला पडदा. कुणाशी न बोलता जोडला. हात वर केले. कानफटात दिली. चिनी स्वभाव करून मशीन चालू केलं. सगळी अक्षरं नीट आली. मोबाईलनं अर्थ सांगितला, मशीन तयार आहे. काही बिघाड नाही.

"बघा," मी म्हणालो. "काही नव्हतं. उगाच फोडला माझा पडदा."

"आज न्हाय. काल काय म्हणत होतं ते?"

"ते आता कसं कळणार?"

"तेच तर सांगतोय मी," मास्तर म्हणाले. "माल गेला."

त्यांचा पडदा ते परत मागायला आले नाहीत. माझा फोडला त्याबद्दल चूकही कबूल केली नाही. मी दाताची केली नाही. पुढं किती तरी वेळा आमचं यावरून जुंपलं, हॉटेलात, स्टँडवर, एका लग्नाच्या पंगतीत तर भाताचं घमेलं उडालं. मी म्हणायचो, धाकट्याचा पाय पडला. ते म्हणायचे, मशीन बिघडलं होतं. धाकट्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला आठवत न्हाय." आणि पानावरून उठून जायचा.

सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचा भेटलो. नाकात नळी, मनगटाला सुई. छातीजवळ एक यंत्र हिरव्या रेघा काढत होतं. मला बघून ते म्हणाले, "पडद्याचं मागायला आलास काय रे?"

"चूक कबूल करा, सोडून देतो."

"थाय क्वे," मास्तर म्हणाले. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा गेली आणि शब्द शिट्टीसारखा आला. मला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. तेवढ्यात ते यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली. मास्तरांनी पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले, सुईसकट. नर्स म्हणाली, "आजोबा, हात खाली घ्या." त्यांनी घेतले नाहीत, तिनं ओढून घेतले.

चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मी त्यांना माफ केलेलं नाही. माझ्या वर्कशॉपात माझी वस्तू फोडायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही, मेलेल्यालाही नाही. बिलांसाठी वेगळा संगणक घेतला, तो मला स्वस्तात मिळाला म्हणून. मशीनचा कायमचा चिनी आहे. कोपऱ्यात ती खूण असते, चौकोनाला मधून उभी रेघ. आता प्रश्नचिन्हं येत नाहीत. तेल कमी, पत्रा तिरका, जे असेल ते नीट लिहून येतं, धाकटा फोटो काढून वाचतो.

पण वाचायच्या आधी तो दोन्ही हात वर करतो. दरवेळी. दारात ट्रॉलीवाले खोळंबलेले असोत, मी ओरडत असो, पडद्यावर काय लिहिलंय ते आता त्याला पाठ असो. पोलिसांनी दार फोडून आत यावं, तसा उभा राहतो. मी आधी त्याच्या बोटांकडं बघतो. मग पडद्याकडं. मग एक शिवी घालतो, आणि ती कुणाला, ते धाकट्याला बरोबर कळतं.