भिंत उजवीकडे होती

स्नेहलनं शिडी डाव्या भिंतीला टेकवली होती. प्रश्नात भिंत उजवीकडे होती.

"हे काय गं?" मी सराव-पेपर तिच्यापुढे धरला.

"सर, तुमच्या नोट्समध्ये भिंत डावीकडेच असते."

अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी चोवीस वर्षं मेकॅनिक्स शिकवतोय. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स पोरं जपून ठेवतात, याचा मला केवढा अभिमान! तो तिथेच उतरला. स्नेहलला केटी होती, म्हणजे पहिल्या वर्षाचा विषय राहिलेला. दोनदा. याही वेळी राहिला, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. आणि या मुलीनं माझी गणितं भिंतीसकट पाठ केली होती.

"आज तू मला गणित घाल. मी न पाहिलेलं."

तिनं जरा विचार केला. "परवा आम्ही दिंडोशीला नवीन घरी आलो. बाबा आणि मी लोखंडी कपाट ढकलत होतो. सरकायचं सोडून ते कलंडायलाच लागलं. का?"

"सोप्पं आहे," म्हणत मी फळ्याकडे वळलो. आधी फ्री बॉडी डायग्राम. म्हणजे वस्तू एकटी काढायची आणि तिच्यावर कोण कोण जोर लावतंय ते बाणांनी दाखवायचं. वरच्या बाजूला बाबांचा आडवा धक्का. वजन मधोमध, खाली. तळाशी घर्षण, उलट दिशेला. फरशीचा आधार वरच्या दिशेनं, तोही सवयीनं मधोमध.

समीकरण जुळेना. माझ्या हिशेबानं कपाट नुसतं बोट लावताच आडवं व्हायला हवं होतं. पाच मिनिटं गेली. मी डस्टर उचललं.

"पुसू नका ना सर. कुठे अडलात ते बघू दे."

मी थांबलो. इतकी वर्षं घरून सोडवून आणलेलंच फळ्यावर उतरवत होतो. अडलेला मी कुणी पाहिलाच नव्हता.

ती फळ्याजवळ आली. "कलंडताना मागचे पाय उचलले गेले होते. सगळा भार पुढच्या पायांवर. मग हा बाण मध्ये कसा?"

बाण पुढच्या पायाशी नेला. जुळलं.

"म्हणजे खालून ढकललं असतं तर सरकलं असतं!" ती ओरडलीच.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "हे चोवीस वर्षांनी कळलं होय?"

परीक्षेपर्यंत आम्ही रोज एक अनोळखी गणित घेतलं. चुकलं तर खोडायचं, पुसायचं नाही.

रिझल्टच्या दिवशी स्नेहल स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाली, "केटी सुटली सर! शिडीच आली होती. दोन आकृत्या खोडल्या, तिसरी जमली."

हल्ली मी वर्गात न सोडवलेलं गणित घेऊन जातो. पोरांसमोर अडतो, पोरं खूश असतात. माझ्या नोट्स आता फारसं कुणी झेरॉक्स करत नाही. त्यातल्या भिंती अजून डावीकडेच आहेत.